जखमीचं तापमान मोजा : नागपूर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी महोदय आणि समितीचे सर्व सदस्य,
सविनय नमस्कार.

समितीच्या बैठकांच्या बातम्या मी आवर्जून वाचते. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी ठिकाणं, कुठले, हेल्मेटची कारवाई कुठवर आली, कोणत्या वळणावर दिवे नाहीत, महामार्गाच्या कडेला उभे राहणारे ट्रक कसे हटवायचे, यावर बोलणं होतं आणि ते व्हायलाच हवं. पण गाडी धडकल्यापासून जखमी माणूस आमच्या दारात येईपर्यंत त्याच्या अंगातली ऊब किती उतरली, हा प्रश्न त्या बातम्यांमध्ये मला कधी दिसला नाही. मी नागपुरातल्या एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आधी अपघात विभागात होते, आता अतिदक्षता विभागात आहे. अपघाताच्या रात्री आलेला माणूस मी पाहिला आहे आणि तिसऱ्या आठवड्यात जखम चिघळून तापाने फणफणणारा तोच माणूसही पाहिला आहे. या दोन्हींच्या मध्ये जे घडतं त्यातला एक भाग आपल्याला थांबवता येण्यासारखा आहे, आणि तो स्वस्तात थांबवता येतो. म्हणून हे पत्र.

नागपुरात थंडीची काळजी करा म्हटलं की कुणाला पटत नाही. मे महिन्यात एका आजीबाईंनी मला विचारलं होतं, “एवढ्या उन्हात पोराले कांबळ कायले पाहिजे, सिस्टर?” प्रश्न रास्त होता. ज्या शहरात पारा ४५-४६ पर्यंत चढतो तिथे गारठून जाण्याची भीती मनात येत नाही. पण याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रामटेक, काटोल, उमरेडकडच्या रस्त्यांवर दव पडतं, धुकं असतं, आणि त्याच वेळी भाजीच्या गाड्या, दूधवाले, रात्रपाळी संपवून बुटीबोरी-हिंगण्याहून परतणारे कामगार रस्त्यावर असतात. पावसाळ्यात तर जखमी माणूस चिंब भिजूनच येतो. आणि आजीबाईंच्या मे महिन्यातही वाचवणारे लोक शुद्धीवर आणण्यासाठी त्याच्या तोंडावर-अंगावर पाणी ओततात, रुग्णवाहिकेचा एसी सुरू असतो, अपघात विभागात पंखा गरगरत असतो आणि शस्त्रक्रियागृह तर थंडगारच असतं.

निरोगी माणसाचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, घरच्या थर्मामीटरवर ९८.६. एरवी ३५ च्या खाली गेल्यावर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जखमी माणसासाठी मात्र धोक्याची रेघ ३६ वरच ओढतात, कारण रक्त गेलेल्या शरीराला थोडी घसरणही सोसत नाही. अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये ७१ गंभीर जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्यांचं तापमान ३२ अंशांच्या खाली गेलं होतं, त्यांतला एकही जगला नव्हता. आता, जास्त जबर जखमी झालेला माणूस जास्त गार पडणारच, त्यामुळे सगळा दोष थंडीचा असं कुणी म्हणू नये. तरी आकडा मनात ठेवण्यासारखा आहे.

ऊब जाते कशी, हे मी रोज पाहते. रक्तस्रावामुळे पेशींना ऑक्सिजन कमी पडतो आणि शरीराची उष्णता तयार करण्याची ताकदच घटते. रक्त जाऊन शॉकमध्ये गेलेला माणूस नीट कुडकुडतही नाही. दारू प्यायलेल्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्याला आतून गरम वाटतं, पण उष्णता भराभर बाहेर जात असते. मग आम्ही जखमा शोधायला त्याचे कपडे कापतो, ते कापावेच लागतात, आणि त्याला स्टीलच्या ट्रॉलीवर उघडा ठेवतो. त्यावर सलाइन. विसेक अंशांच्या खोलीत ठेवलेलं एक लिटर सलाइन शिरेतून गेलं की मध्यम बांध्याच्या माणसाचं तापमान सुमारे पाव अंशाने उतरतं. फ्रीजमधून काढून तशीच लावलेली रक्ताची एक पिशवीही जवळपास तेवढंच उतरवते. दोन सलाइन आणि दोन पिशव्या म्हणजे एक अंश गेला, आणि तो आपल्या उपचारांनी गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. अंग गार पडलं की जखमेतल्या रक्ताची गुठळी नीट होत नाही आणि रक्तस्राव वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. त्यावर बोललं जातं. पण गार पडलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकदही खचते, यावर फार कमी बोललं जातं, कारण त्याचा परिणाम त्या रात्री दिसत नाही. तो पाचव्या दिवशी, दहाव्या दिवशी दिसतो. तोवर रुग्ण दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो, ड्युटीवर वेगळी माणसं असतात आणि पहिल्या तासाशी त्याचा संबंध जोडायला कुणी उरलेलं नसतं.

रस्त्यावरच्या जखमेत माती, शेण, कपड्याचे धागे, ऑइल आणि स्वतःच्याच त्वचेवरचे जंतू आत जातात. त्यांच्यावर सगळ्यात आधी धावून जातात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेकडे सरकतात, जंतूला गिळतात आणि ऑक्सिजनपासून बनवलेल्या जहाल रसायनांनी त्याला मारतात. सरकणं, गिळणं, मारणं ही तिन्ही कामं ऊब कमी झाली की मंदावतात. कडाक्याच्या थंडीत विरजण लागायला दुप्पट वेळ लागतो हे घराघरात माहीत आहे; शरीरातल्या रासायनिक क्रियाही तशाच उबेवर चालतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शरीर गारठलं की ते हृदय आणि मेंदू जपण्यासाठी त्वचेकडच्या, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. आणि अपघातातली जखम बहुतेक वेळा नेमकी तिथेच असते, नडगीवर, कोपरावर, घोट्यावर. तिथला रक्तपुरवठा घटला की ऑक्सिजन घटतो, आणि ऑक्सिजनच नसेल तर न्यूट्रोफिल तिथे पोहोचूनही जंतूला मारणार कशाने? आपण दिलेलं अँटिबायोटिकही त्याच आवळलेल्या वाहिन्यांतून जायचं असतं. जखम भरण्यासाठी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जे नवं जाळं विणलं जातं, त्यालाही ऑक्सिजनच लागतो.

आणखी खोलात पेशींचा आपसातला निरोप बिघडतो. मोनोसाइट नावाच्या पेशी एरवी जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना, म्हणजे लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना, ओळख पटवून देतात. ते मांडण्यासाठी लागणारे रेणू गारठ्यात कमी होतात. सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ते रासायनिक संदेश, त्यांची वेळ आणि प्रमाण चुकतं. मोठी दुखापत स्वतःच रोगप्रतिकारशक्तीला काही दिवस दाबून ठेवते. त्यात गारठ्याची भर पडली की त्या माणसाकडे लढायला फारसं काही उरत नाही. व्हेंटिलेटरवर असेल तर न्यूमोनिया टपलेलाच असतो.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली एक चांगला प्रश्न विचारतात : मग जंतूही गारठत असतील ना? तेवढे नाहीत. आपल्या त्वचेचं तापमान एरवीही ३३ अंशांच्या आसपास असतं आणि स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू तिथे मजेत राहतो. ३४ अंशांवर माणसाचं शरीर अडखळतं, जंतूचं फारसं काही अडत नाही.

यात वेळेलाही मोठी किंमत आहे. जंतू आत शिरल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात, हे १९५० आणि ६० च्या दशकांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलं आहे. तेवढ्या वेळात शरीराने आणि औषधाने त्यांना रोखलं तर जखम निभावते, नंतर तेच औषध दिलं तरी तसा उपयोग होत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली, दुखापतीनंतरचा पहिला तास. आपण तो तास जीव वाचवण्यासाठी मोजतो. तोच तास जखम स्वच्छ राहणार की सडणार हेही बऱ्याच अंशी ठरवतो.

हे सगळं नुसतं पुस्तकी आहे का, असं आपण विचाराल. १९९६ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला उबदार ठेवलं, त्यांचं तापमान शस्त्रक्रियेअखेर सरासरी ३६.६ होतं. दुसऱ्याचं नेहमीच्या पद्धतीत ३४.७ पर्यंत उतरलं. गार राहिलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या. गार गटाचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी अडीच दिवसांहून अधिक लांबला. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात हर्निया, स्तन आणि पायाच्या फुगलेल्या शिरा अशा स्वच्छ शस्त्रक्रियांच्या आधी अर्धा तास रुग्णाला ऊब दिली, तर संसर्ग १४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

दुसरी बाजूही आपल्यापुढे ठेवते. पाच हजारांहून अधिक, बहुतेक चीनमधल्या, रुग्णांवरची मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ३५.५ आणि ३७ या दोन तापमानांमध्ये जखमेच्या संसर्गात फरक आढळला नाही. म्हणजे ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत, बाकी सगळं हाताशी असताना, ३५.५ पर्यंतची किंचित घसरण निभावून जाते, असं त्यातून दिसतं. पण ते रुग्ण उपाशीपोटी, आंघोळ करून, स्वतःच्या पायांनी शस्त्रक्रियागृहात आलेले होते. नाल्यात पडून, रक्त गमावून, मातीने भरलेला पाय घेऊन येणाऱ्यांवर ती चाचणी नव्हती. आणि आमच्याकडे येणारे ३५.५ वर थांबतात की नाही हे कळायला आधी मोजावं लागतं.

मोजण्यापाशीच घोडं अडतं. केसपेपरवर नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या शेजारी तापमानाचा रकाना असतो. तिथे किती वेळा आकडा लिहिलेला दिसतो? कपाळाला हात लावून ‘ताप नाही’ असं लिहून पुढे जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ताप नाही हे खरंच असतं. पण आपल्याला उलटं हवं असतं, तापमान किती खाली आहे ते. बरं, ज्याने मोजायचं तो काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांवर, म्हणजे ९५ च्या आसपास सुरू होतो. त्याखाली रेघाच नाहीत. ३३ अंशांचा माणूसही त्यावर ‘जेमतेम ९५’ दिसणार. कोविडपासून हातात आलेली कपाळासमोर धरायची बंदूक घामेजलेल्या, गार पडलेल्या त्वचेवर भरवशाची नाही. कमी तापमानही दाखवणारे थर्मामीटर मिळतात, बेशुद्ध रुग्णासाठी अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात ठेवायचे तापमापक असतात. ते अतिदक्षता विभागात असतात, दारात नसतात. आणि तापमान दारातच कळायला हवं असतं.

एक रुग्ण माझ्या नजरेसमोरून हलत नाही. संत्र्याच्या बागेत काम करणारा तरुण, जानेवारीतल्या पहाटे दुचाकी घसरून रस्त्याकडेच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात पडला होता. नडगीचं हाड बाहेर आलेलं. बराच वेळ तो तिथेच होता. मग एका छोट्या रुग्णालयात, तिथून दुसऱ्या, मग आमच्याकडे. तीन ठिकाणचे कागद सोबत होते, सलाइन किती दिलं, इंजेक्शन कोणतं दिलं, सगळं नीट लिहिलेलं. तापमान एकाही कागदावर नव्हतं. अंगात ओली जीन्स तशीच होती, वरून कुणीतरी मायेने शाल घातलेली. ओल्या कपड्यावर घातलेली शाल फार काही करत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारात आम्ही तापमान घेतलं तेव्हा ३३.९ होतं. पुढे हाडात संसर्ग झाला, दोनदा जखम साफ करावी लागली, कित्येक महिने गेले. गारठ्यानेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जखमेत माती होती, वेळही गेला होता. पण तीन दारांतून जाताना कुणीतरी ती जीन्स कापून, अंग कोरडं करून त्याला गुंडाळलं असतं तर त्याच्या शरीराला लढायची बरी संधी मिळाली असती, एवढं मला नक्की वाटतं.

करायचं काय, ते साधं आहे. ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, कोरडं ब्लँकेट लपेटायचं, त्यावर वाऱ्याला अडवणारं काहीतरी, फॉइलची चंदेरी चादर असेल तर उत्तमच. अशी चादर साधारण लिटरभर पेट्रोलच्या किमतीत मिळते आणि घडी करून खिशात मावते. डोकं झाकायचं. खालूनही काहीतरी घालायचं, कारण गार जमीन आणि स्टीलची ट्रॉली पाठीतून ऊब ओढते. तपासताना एकेक भाग उघडायचा आणि पुन्हा झाकायचा. जखमी आत येतोय असा फोन आला की खोलीचा एसी-पंखा बंद करायचा. काम करणाऱ्यांना घाम येईल, येऊ द्यावा. सलाइन गरम ठेवण्याच्या कपाटातून ३७ ते ४० अंशांचं सलाइन द्यायचं, रक्त वॉर्मरमधून, म्हणजे ते गरम करणाऱ्या यंत्रातून, द्यायचं. रक्ताची पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची नाही, त्याने पेशी फुटतात. बेशुद्ध माणसाच्या अंगाला गरम पाण्याची बाटली थेट लावायची नाही, त्याला भाजलेलं कळत नाही.

उन्हाळ्यासाठी वेगळी गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात भर दुपारी डांबरावर तासभर पडलेला माणूस तापलेलाही असू शकतो, उष्माघाताचाही असू शकतो. त्याला आंधळेपणाने ब्लँकेटात गुंडाळलं तर आपणच जीव घेऊ. डोक्याला मार लागलेल्याचं तापमान वाढू न देणंही तितकंच गरजेचं. पण म्हणून अशा रुग्णाला मुद्दाम गार करण्यातही लाभ दिसलेला नाही. मेंदूच्या गंभीर दुखापतीत शरीर ठरवून थंड ठेवण्याची ५११ रुग्णांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात काही फायदा निघाला नाही. नागपूरसारख्या दोन्ही टोकांच्या हवेत अंदाजावर चालत नाही. म्हणून मोजण्याचा माझा एवढा आग्रह.

महोदय, आपल्या समितीकडे मी हे का आणलं? पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य हे विभाग एका टेबलाशी बसतात ते आपल्याकडेच. रुग्णालयांच्या आपापल्या बैठका होतात, पण रस्त्यावरच्या त्या तासाला तिथे कुणी वाली नसतो. दुसरं कारण असं की रस्ते अपघातातला मृत्यू मोजताना ३० दिवसांत दगावलेला माणूसही धरला जातो. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात संसर्गाने गेलेला माणूस आपल्याच तक्त्यात येतो. त्याच्या नावापुढे अपघाताचं ठिकाण लिहिलेलं असतं. तो दारात आला तेव्हा किती अंशांवर होता, हेही तिथे लिहिलं जावं.

जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक अपघात विभागात कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि फॉइलच्या चादरी ठेवायला सांगा. रुग्णवाहिकेच्या कागदावर आणि केसपेपरवर तापमान आणि घेतल्याची वेळ भरल्याशिवाय कागद पूर्ण धरू नका. एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवताना तापमान लिहिणं सक्तीचं करा. मेडिकल, मेयो, एम्स या नागपुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत येणारे कितीतरी जखमी दुसरीकडूनच येतात. समृद्धी महामार्गावरच्या आणि जबलपूर, हैदराबाद, अमरावती रस्त्यांवरच्या गस्तीच्या गाड्यांमध्ये, टोलनाक्यांवर, धाब्यांवरसुद्धा दोन-दोन कोरडी ब्लँकेटं ठेवता येतील. धाबेवाले आणि गावकरीच सगळ्यात आधी पोहोचतात. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, हे आपण त्यांना सांगताच. त्याच वेळी ‘पाणी ओतू नका, कोरडं करा, झाका’ हेही सांगा. त्याला पैसा लागत नाही.

पैसा लागेल तो सलाइन गरम ठेवण्याच्या कपाटांना आणि रक्ताच्या वॉर्मरना. ती खरेदी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून टप्प्याटप्प्याने करता येईल, आधी जिथे जखमी जास्त येतात तिथे. एका माणसाच्या हाडातला संसर्ग निस्तरायला किती शस्त्रक्रिया, किती महागडी अँटिबायोटिक आणि घरच्यांची किती बुडालेली मजुरी लागते ते कोणत्याही अस्थिरोग वॉर्डात जाऊन विचारा, मग हा खर्च जास्त वाटणार नाही.

पुढच्या बैठकीत आरोग्य विभागाच्या प्रतिनिधींना एक माहिती मागवायला सांगावं, ही विनंती : गेल्या महिन्यात दाखल झालेल्या रस्ते अपघातातल्या जखमींपैकी किती जणांचं तापमान पहिल्या अर्ध्या तासात नोंदवलं गेलं. थंडी सुरू व्हायच्या आत रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि धाबेवाल्यांसाठी प्रशिक्षण ठेवलंत, तर शिकवायला मी येईन. आमच्यातल्या आणखी काही सिस्टर आणि ब्रदरनीही यायचं कबूल केलं आहे. सुट्टीचा दिवस असला तरी चालेल.

आपली नम्र,
एक अधिपरिचारिका, नागपूर